जपानला पहिली महिला पंतप्रधान मिळणार? जिमिन्तोची आजची निवडणूक आणि पुढचं गणित

निशिकासाईकर
४ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:४०

आज शनिवार, त्यामुळे घरीच टीव्हीसमोर बसून सगळी मतमोजणी बघितली. ताकाइची सानाए जिमिन्तोच्या अध्यक्ष झाल्या. जिमिन्तो म्हणजे बातम्यांत ज्याला एलडीपी म्हणतात तो पक्ष, १९५५ मध्ये दोन पक्ष मिळून झाला आणि तेव्हापासून १९९३-९४ आणि २००९ ते २०१२ हे दोन तुकडे सोडले तर सत्ता यांच्याकडेच. इथे पक्षाचा अध्यक्ष तोच पंतप्रधान असं धरूनच चालतात, म्हणून दुपारपासून सगळे चॅनेल 'पहिल्या महिला पंतप्रधान' म्हणायला लागलेत. मला ते इतकं सरळ वाटत नाहीये म्हणून हा धागा काढतोय.

आधी मतं कशी मोजतात ते सांगतो, आपल्याकडच्या बातम्यांत ते येत नाही. पहिल्या फेरीत पक्षाच्या २९५ खासदारांचं प्रत्येकी एक मत, आणि देशभरातल्या नऊ लाखांवर वर्गणीदार सदस्यांनी दिलेल्या मतांची तेवढ्याच २९५ मतांत विभागणी. पाच उमेदवार होते. ताकाइची १८३, कोइझुमी शिंजिरो १६४, हायाशी १३४, कोबायाशी ५९, मोतेगी ४९. खासदारांत ताकाइची मागे होत्या, त्यांना ६४ आणि कोइझुमींना ८०. सदस्यांत मात्र ११९ विरुद्ध ८४. दुसऱ्या फेरीत सदस्यांचं वजन एकदम उतरतं, ४७ प्रीफेक्चर्सची, म्हणजे इथल्या प्रांतांची, फक्त ४७ मतं, बाकी सगळे खासदार. मागच्या वर्षी त्या इथेच हरल्या होत्या, पहिल्या फेरीत पुढे होत्या आणि दुसरीत इशिबांनी, म्हणजे आत्ताच्या मावळत्या पंतप्रधानांनी, २१५-१९४ ने घेतलं. यावेळी १८५-१५६, आणि ४७ पैकी ३६ प्रीफेक्चर्स त्यांच्याकडे. इथले पेपर सांगतायत की ८५ वर्षांच्या माजी पंतप्रधान आसो तारोंनी पक्षातल्या आपल्या गटाला, सदस्य ज्याला पुढे ठेवतील त्यालाच मत द्या असं सांगून ठेवलं होतं. बाकीचे गट गेल्या वर्षी बरखास्त झाले, आसोंचा एकच उरलाय, त्यामुळे त्याला फार किंमत आली.

आता खरी अडचण. पक्षाकडे दोन्ही सभागृहांत बहुमत नाहीये. ऑक्टोबर २०२४ ला खालच्या सभागृहातलं गेलं, यंदाच्या २० जुलैला वरच्याही. सोबत कोमेइतो आहे, १९९९ पासूनचा सहकारी पक्ष. त्यांचे अध्यक्ष साइतो आजच ताकाइचींना भेटून तीन काळज्या सांगून आलेत: पक्षनिधीतल्या पैशाचं प्रकरण, युद्धातल्या मृतांचं यासुकुनी मंदिर, आणि परदेशी लोकांबद्दलची भाषा. आज सगळे ताकाइचींकडे बघतायत. मी कोमेइतोकडे बघतोय. या पक्षाचं जिमिन्तोला काय होतं हे लोकांना कळतच नाही असं मला चौदा वर्षं इथे राहून वाटतं.

सुमेधा७८
४ ऑक्टोबर, रात्री ११:०२

धागा छान, पण मला आधी आनंद तर होऊ द्या. ज्या देशाच्या खालच्या सभागृहात मागच्या निवडणुकीत ४६५ पैकी ७३ बायका निवडून आल्या आणि तोसुद्धा विक्रम, तिथे एक बाई पक्षाच्या टोकाला पोचते हे लहान नाही. आणि ही कुणाची मुलगी-नात नाही ना? जपानमध्ये सगळे घराणेशाहीतले म्हणतात.

अश्विनी_ओसाका
५ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

नाही, घराण्यातल्या नाहीत. नाराच्या, आई पोलिसात होती. कोबे विद्यापीठ, कॉलेजात हेवी मेटल बँडमध्ये ड्रम वाजवायच्या. १९९३ ला पहिल्यांदा अपक्ष निवडून आल्या. समोर कोइझुमी, ज्यांचे वडील पंतप्रधान होते. त्या अर्थाने सुमेधाताई म्हणतात ते खरंच आहे आणि मलाही काल बघताना घशाशी आलं.

पण मी इथे अनुवादाचं काम करते आणि माझ्या आजूबाजूच्या जपानी मैत्रिणी काल फार खूश नव्हत्या. कारण आडनाव. जपानी दिवाणी कायद्याच्या ७५० व्या कलमाप्रमाणे नवरा-बायकोचं आडनाव एकच असावं लागतं, कुणाचं ते तुम्ही ठरवा, पण सुमारे ९५ टक्के घरांत बाईच बदलते. आमच्या ऑफिसातल्या एकीचं मागच्या वर्षी लग्न झालं. बँकेची दोन पासबुकं, पासपोर्ट, लायसन्स, क्रेडिट कार्ड, आणि आजोबांनी ती वीस वर्षांची झाल्यावर दिलेला हान्को, म्हणजे सहीऐवजी वापरायचा नावाचा शिक्का, तो आता कशालाच चालत नाही. तिने तो ड्रॉवरमध्ये एका छोट्या डबीत ठेवलाय. ज्यांना हवं त्यांना वेगळी आडनावं ठेवू द्या ही मागणी वर्षानुवर्षं आहे आणि ताकाइची त्याच्या पक्क्या विरोधात. त्यांचं म्हणणं, जुनं नाव वापरायची सोय वाढवा, पण कुटुंबाचं नाव एकच हवं. खुद्द त्यांच्याच घरी २०२१ ला दुसऱ्यांदा लग्न नोंदवताना नवऱ्याने आडनाव बदललं. म्हणजे तो त्रास काय असतो हे त्या घरात माहीत आहे, म्हणूनच मला जास्त वाईट वाटतं.

आणि कालच्या भाषणातलं ते 'काम करेन, काम करेन, काम करेन' पाच वेळा, वर्क लाइफ बॅलन्स हा शब्दच टाकून देते, आणि खासदारांनाही घोड्यासारखं कामाला लावणार. करोशी, म्हणजे अतिकामाने मरण, हा शब्द ज्या देशाने जगाला दिला तिथे हे बोलू नये असं मला मनापासून वाटतं.

जुना_वाचक
५ ऑक्टोबर, दुपारी १२:१५

मी पुण्यात बसून वाचणारा माणूस, जपानला एकदाच गेलोय, पण आबेंच्या काळापासून मागोवा ठेवतो. मला वाटतं मुळात विचारायचं ते हे, की हा एवढा मोठा पक्ष एका वर्षात दोन निवडणुका का हरला? इशिबा वाईट माणूस नव्हता. अमेरिकेचं २५ टक्के टॅरिफ १५ वर आणलं, बदल्यात ५५० अब्ज डॉलर गुंतवणुकीचं ओझं घेतलं, आणि तो करार कागदावर आला तसा ७ सप्टेंबरला राजीनामा जाहीर केला.

माझ्या मते मूळ कारण उरागाने, काळा पैसा. पक्षाचे गट निधीसाठी पार्ट्या करायचे, वीस हजार येनचं एक तिकीट. खासदाराला कोटा ठरलेला, त्याच्यावर जेवढी तिकिटं विकली तेवढे पैसे गुपचूप परत आणि हिशोबात नोंद नाही. एकट्या आबे गटाचे पाच वर्षांत ६० कोटी येनच्या वर. हे बाहेर काढलं कुणी, तर कम्युनिस्ट पक्षाच्या 'आकाहाता' वर्तमानपत्राने आणि कोबेच्या एका कायद्याच्या प्राध्यापकाने, कामिवाकी, हिशोबाच्या वह्या ओळीन् ओळ तपासून. असा चिकाटीचा माणूस कुठल्याही देशाला लाभावा.

निशिकासाईकर
५ ऑक्टोबर, रात्री १०:२०

@जुना_वाचक, उरागाने बरोबरच, पण रस्त्यावरच्या माणसाला विचाराल तर तो तांदूळ म्हणेल. मे महिन्यात पाच किलोची पिशवी चार हजार येनच्या वर होती, वर्षभरात साधारण दुप्पट. आमच्या स्टेशनजवळच्या सुपरमार्केटमध्ये तांदळाच्या फळीवर 'एका कुटुंबाला एकच पिशवी' अशी चिठ्ठी आणि मागे फळी रिकामी, असं मी इथे भूकंपानंतरच्या दिवसांत ऐकलेलं, यंदा डोळ्यांनी बघितलं. आणि त्याच वेळी शेतीमंत्री एतो एका भाषणात म्हणाले की मी तांदूळ कधी विकतच घेतलेला नाही, समर्थक इतका देतात. तीन दिवसांत गेले. त्यांच्या जागी कोइझुमी आले आणि त्यांनी सरकारी गोदामातला तांदूळ पाच किलोला दोन हजारच्या आसपास बाजारात आणला.

त्यातला २०२१ चा तांदूळ, त्याला इथे 'को-को-को-माई' म्हणतात, जुना-जुना-जुना तांदूळ. लोक नाकं मुरडत होते कारण जपानी माणसाला नवा तांदूळ प्यारा, चिकट आणि चकचकीत. आमच्याकडे मात्र बायको म्हणाली, अगं बाई, हा तर मोकळा होतोय! चौदा वर्षांत पहिल्यांदा जपानी तांदळाचा मसालेभात शीत न् शीत सुटा झाला. सकाळी साडेसहाला रांगेत उभा राहून आणला होता, माझ्या पुढे एक आजोबा होते, ते म्हणाले, १९९३ साली थायलंडचा तांदूळ खाल्ला होता त्याची आठवण झाली. त्या वर्षी थंडीने पीक गेलं होतं. आणि १९९३ लाच जिमिन्तो पहिल्यांदा सत्तेतून गेला होता. पक्ष गेला तो आधी आणि कारणंही वेगळी, पण आजोबांच्या मनात दोन्ही गोष्टी एकत्रच होत्या.

टंचाई का झाली तर उन्हाळा वाईट होता हे एक, पण १९७० च्या सुमारापासून शेतकऱ्यांना कमी भात लावायला पैसे द्यायचे, भाव धरून ठेवायचा, गावाकडची मतं पक्की ठेवायची, हे धोरण पन्नास वर्षं चाललं. कागदावर २०१८ ला बंद झालं, सवय गेली नाही. थोडा कमी पिकला की सगळं कोसळतं.

निशिकासाईकर
१० ऑक्टोबर, संध्याकाळी ७:५५

कोमेइतो गेला!! सव्वीस वर्षांनंतर. साइतोंनी दीड तास बोलून बाहेर येऊन सांगितलं, कंपन्यांच्या देणग्यांवर नियम कडक करायला जिमिन्तोकडून नीट उत्तर मिळालं नाही. वर ताकाइचींनी हागिउदांना पक्षाच्या मोठ्या पदावर घेतलं, ज्यांच्या सेक्रेटरीला उरागाने प्रकरणात दंड झालाय. ते बघून हे होणार असं वाटत होतं पण इतक्या लवकर नाही.

आता जिमिन्तो १९६, बहुमत २३३. सगळे विरोधक एकत्र आले तर तामाकी, त्यांच्यातल्या एका पक्षाचे नेते, पंतप्रधान होऊ शकतात. म्हणजे पक्षाध्यक्ष तोच पंतप्रधान हा नियम खरंच धोक्यात.

सुमेधा७८
१० ऑक्टोबर, रात्री ९:१०

थांबा, हा कोमेइतो म्हणजे सोका गाक्काईवाले का? माझी वहिनी पुण्यात दर आठवड्याला त्यांच्या बैठकीला जाते, 'नाम म्योहो रेंगे क्यो' जप करतात ते? त्यांचा राजकीय पक्ष आहे हे मला आज कळतंय. वहिनीलाही माहीत नसेल.

निशिकासाईकर
१० ऑक्टोबर, रात्री ११:३०

हो तेच, तुमची वहिनी करते तोच जप. सद्धर्मपुंडरीक सूत्र मानणारा निचिरेन बौद्ध परंपरेतला गट, १९३० ला सुरू झाला, युद्धकाळात त्यांच्या लोकांना तुरुंगात टाकलं होतं त्यामुळे शांततावाद त्यांच्या मुळातच आहे. १९६४ ला त्यांच्याच लोकांनी कोमेइतो काढला. भारतातल्या बैठकांत राजकारण येत नाही, जपानमध्ये मात्र निवडणूक आली की सदस्य जीव तोडून काम करतात.

आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या, पक्क्या गाक्काईच्या. मी पहिल्यांदा इथे आलो तेव्हा कचरा कुठल्या दिवशी कुठला टाकायचा हे त्यांनीच शिकवलं. निवडणुकीच्या आधी तीन आठवडे त्या रोज फोनवर असतात. शाळेतल्या मैत्रिणी, नवऱ्याच्या जुन्या ऑफिसातले, केस कापणारी बाई, सगळ्यांना एकच वाक्य: मतदारसंघात जिमिन्तो, यादीत कोमेइतो. दोन मतं असतात इथे, एक माणसाला, एक पक्षाला. जिमिन्तोचा उमेदवार आमच्या मतांवर निवडून येतो, बदल्यात त्याच्या लोकांनी यादीत आमच्या पक्षाला द्यायचं, असा व्यवहार. एकेका मतदारसंघात अशी दहा ते वीस हजार मतं म्हणतात. मी त्यांना विचारलं होतं की तुम्हाला जिमिन्तो आवडतो का, तर म्हणाल्या आवडायचा प्रश्न नाही, आत राहून धरून ठेवायचं असतं.

आणि चीनचं म्हणाल तर, १९७२ मध्ये जुलैत कोमेइतोचे अध्यक्ष ताकेइरी बीजिंगला जाऊन चीनचे पंतप्रधान चौ एन लायना भेटले, अटी हाताने लिहून घेऊन आले, त्या टिपणावरच जपानचे तेव्हाचे पंतप्रधान तानाका काकुएइ सप्टेंबरमध्ये गेले आणि संबंध सुरू झाले. जिमिन्तोला चीनशी बोलायचं असलं की हे दार नेहमी उघडं असायचं.

जुना_वाचक
११ ऑक्टोबर, सकाळी ८:४०

आजींबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणतो, कोमेइतोला इतकं मोठं करू नका. जपानीत त्यांना 'गेता नो युकी' म्हणायचे, लाकडी खडावांच्या तळाला चिकटलेला बर्फ, कितीही तुडवला तरी सोबत येतो. २०१५ चे सुरक्षा कायदे त्यांनी सोबत राहून पास करून दिलेच ना? धरून काय ठेवलं?

शिवाय पक्ष आटतोय. २००५ मध्ये यादीत जवळपास ९० लाख मतं, यंदा जुलैत ५२ लाख. सोका गाक्काईचे मोठे नेते इकेदा दाइसाकू २०२३ ला गेले, सदस्य म्हातारे झाले. उद्या निवडणुकीत उरागानेचा डाग आपल्यालाही लागेल या भीतीने बाहेर पडले, एवढंच.

निशिकासाईकर
११ ऑक्टोबर, दुपारी ३:०५

भीती होती हे मान्य, मतांचा आकडाही बरोबर. पण २०१४-१५ चं तुम्ही म्हणता तसं नाही. आबेंना मुळात मित्रदेशावर हल्ला झाला तरी जपानी सैन्य वापरता येईल अशी मोकळीक हवी होती. कोमेइतोने महिनोन् महिने बसून शब्द आवळून घेतले: तो देश जपानच्या जवळच्या नात्यातला हवा, जपानच्या अस्तित्वालाच धोका पोचायला हवा, आणि लोकांचे जगण्याचे हक्क मुळापासून उलटतील असा 'स्पष्ट धोका' हवा. या सगळ्याला मिळून 'सोनरित्सु किकी जिताई', म्हणजे देशाच्या अस्तित्वावरच्या संकटाची परिस्थिती, असा एक शब्द आहे. तो ब्रेक आहे. हा ब्रेक आजपर्यंत लागला नाही कारण कुणी ती वेळच आणली नाही.

अश्विनी_ओसाका
२१ ऑक्टोबर, रात्री ८:१५

झालं एकदाचं, २३७ मतं मिळून ताकाइची पंतप्रधान, १०४ व्या. इशिन सोबत आलं, पण मंत्रिमंडळात नाही, बाहेरून.

आम्ही ओसाकावाले इशिनला आतून ओळखतो. इथूनच उगवलेला पक्ष, गव्हर्नर योशिमुरा त्यांचेच. १३ तारखेला इथला एक्स्पो, ते जागतिक प्रदर्शन, संपला, मी शेवटच्या आठवड्यात त्या लाकडी रिंगवर चालून आले, आणि तिकडे दिवे बंद होईपर्यंत योशिमुरा तोक्योत बोलणीला. त्यांच्या मागण्या: ओसाकाला दुसरी राजधानी करा, खालच्या सभागृहातल्या जागा १० टक्क्यांनी कमी करा. कंपन्यांच्या देणग्या बंद करा हीसुद्धा त्यांची जुनी मागणी, ती मात्र ढकलली गेली. म्हणजे कोमेइतो ज्यावरून गेला तोच मुद्दा बाजूला ठेवून नवं सरकार झालं. हे मला पटलेलं नाही.

मंत्रिमंडळात बायका दोन. काल मला अजून आशा होती.

आणि धोरणाच्या बाजूने बघितलं तर निशिकासाईकर म्हणतात त्यात तथ्य आहे. शांततावादी पक्ष गेला आणि त्याच्या जागी घटनेचं युद्ध नाकारणारं नववं कलम बदला, सैन्यावर खर्च वाढवा म्हणणारा आला. गाडीतला ब्रेक काढून तिथे दुसरा ॲक्सिलरेटर लावला.

उत्तम_सायतामा
२२ ऑक्टोबर, रात्री १२:४०

पहिल्यांदाच लिहितोय. माझं सायतामात छोटं हॉटेल आहे, चौदा खुर्च्या, नान-करीच मुख्य पण शनिवारी मिसळ ठेवतो. राजकारणातलं मला कळत नाही पण एक सांगतो. १६ ऑक्टोबरपासून आमच्या मॅनेजमेंट व्हिसाचा नियम बदलला. आधी ५० लाख येन भांडवल लागायचं, आता ३ कोटी, शिवाय एक कायमचा पूर्णवेळ कर्मचारी. जुन्या लोकांना तीन वर्षं सवलत. ३ कोटी येन हॉटेलवाल्याकडे कुठून येणार? दुपारचं ताट हजार येनला विकतो मी.

नियमाचा गैरवापर होत होता हे खरं, खोट्या कंपन्या काढून व्हिसा घेणारे होते, त्यांना बंद करा ना. पण जुलैच्या निवडणुकीत सान्सेइतो या पक्षाने 'जपानी आधी' म्हणून १४ जागा काढल्या आणि त्यानंतर सगळ्याच पक्षांची भाषा बदलली. ताकाइचीबाईंनी प्रचाराची सुरुवातच नारातल्या हरणांना परदेशी पर्यटक लाथा मारतात यावरून केली. माझी मुलगी चौथीत आहे, इथेच जन्मली, तिने विचारलं की बाबा आपण हरणाला त्रास दिला का. आम्ही मागच्या वर्षी नाराला गेलो होतो आणि तिने बिस्किटं दिली होती हरणांना. तिला वाटलं तिचंच काही चुकलं. काय सांगायचं पोरीला.

निशिकासाईकर
२२ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

उत्तमराव, वाचून गलबलून आलं. इथे आता ३७ लाखांवर परदेशी आहेत, लोकसंख्येच्या तीन टक्के, आणि बांधकाम, वृद्धांची काळजी, रात्रीचं कॉनबिनी, म्हणजे चोवीस तास चालणारी दुकानं, हे त्यांच्यावरच चाललंय. २०१९ मध्ये आपले योगेंद्र पुराणिक एदोगावा वॉर्डाच्या सभागृहात निवडून आले तेव्हा इथल्या कितीतरी जपानी शेजाऱ्यांनीच त्यांना मतं दिली होती. म्हणजे हवा कायम अशी नव्हती. तुमच्या हॉटेलचं व्यापारी संघाच्या लोकांशी बोलून बघा, आणि ग्योसेइशोशीकडे, म्हणजे कागदपत्रं करून देणारे असतात ना, त्यांच्याकडे आत्ताच जा, तीन वर्षं संपायची वाट बघू नका.

पालघरवाला
२३ ऑक्टोबर, सकाळी ११:२५

आमच्याकडून बुलेट ट्रेन चाललीय म्हणून विचारतो, सरकार बदललं की कर्जाचं काय? आमच्या भागात खांब उभे राहिलेत, बोईसरला स्टेशन होणार आहे. अर्धवट राहिलं तर जमिनी गेलेल्या लोकांनी काय करायचं.

जुना_वाचक
२३ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:१०

त्याची काळजी नको. २०१५ ला आबेंबरोबर ठरलं, २०१७ ला अहमदाबादला पायाभरणी, त्यानंतर सुगा, किशिदा, इशिबा झाले, कुणी हात लावला नाही. मूळ खर्चाच्या ८१ टक्के कर्ज, ०.१ टक्के व्याज, ५० वर्षांची मुदत. ऑगस्टमध्येच आपले पंतप्रधान इशिबांबरोबर शिंकानसेनने सेंदाईला जाऊन आले आणि दहा वर्षांत १० लाख कोटी येन खाजगी गुंतवणुकीचं उद्दिष्ट ठरलं. ताकाइची तर आबेंच्या शिष्या. आबेंनी २००७ ला आपल्या संसदेत भाषण केलं 'दोन समुद्रांचा संगम', नाव दारा शुकोहच्या ग्रंथावरून घेतलेलं. भारताबाबत जिमिन्तोच्या कुठल्याच बाजूचं दुमत नाही. उशीर झाला तो बराचसा आपल्याकडच्या भूसंपादनामुळे.

निशिकासाईकर
८ नोव्हेंबर, रात्री ९:३०

ज्या शब्दाबद्दल मी ११ ऑक्टोबरला लिहिलं होतं तो काल संसदेत आला.

काल ७ तारखेला बजेट समितीची बैठक होती. ताकाइची पहाटे तीन वाजता घरातून निघून तयारीला पंतप्रधान निवासात पोचल्या, त्याचीच दिवसभर चर्चा. पण दुपारी विरोधी पक्षाच्या ओकादांनी तैवानबद्दल विचारलं, नेमकं कुठल्या परिस्थितीत सोनरित्सु किकी जिताई म्हणाल, म्हणजे जपानला सैन्य वापरता येईल. ओकादा हे २०१५ ला त्या कायद्यांना विरोध करणाऱ्या पक्षाचे अध्यक्ष होते, त्यांना एकेक शब्द पाठ आहे. आधीचे सगळे पंतप्रधान इथे 'त्या वेळची सगळी माहिती बघून ठरवू' एवढंच बोलून बसायचे. ताकाइची म्हणाल्या की युद्धनौका वापरून बळाचा प्रयोग झाला तर कसाही विचार केला तरी तशी परिस्थिती होऊ शकते.

पंतप्रधानपदावर असताना हे कुणी बोललं नव्हतं. आबेसुद्धा 'तैवानवरचं संकट म्हणजे जपानवरचं संकट' हे पद सोडल्यावर बोलले.

जुना_वाचक
८ नोव्हेंबर, रात्री १०:४५

पण खोटं काय बोलल्या? जपानचं योनागुनी बेट तैवानपासून ११० किलोमीटर. अमेरिकन तळ ओकिनावात. लढाई झाली तर जपान बाहेर राहणार नाही हे शाळेतल्या पोरालाही कळतं. लोकशाहीत पंतप्रधानाने लोकांना खरं सांगावं.

निशिकासाईकर
९ नोव्हेंबर, सकाळी ८:००

खरं आहे म्हणूनच ते मोघम ठेवलेलं होतं, कारण समोरच्याला नेमकं कळलं की तो त्याप्रमाणे तयारी करतो. आणि लोकांना सांगायचं तर नीट ठरवून सांगा, मंत्रिमंडळात, सहकारी पक्षाशी, अमेरिकेशी बोलून. पहाटे तीनला उठून वाचलेल्या कागदांवर, प्रश्नाच्या ओघात नको. कोमेइतो आत असता तर असं उत्तर देताना त्यांना दहा वेळा मागे वळून बघावं लागलं असतं. मी एवढंच म्हणतोय पहिल्या दिवसापासून.

अश्विनी_ओसाका
२२ नोव्हेंबर, रात्री ९:५०

इथून सांगते. ताकाइचींच्या त्या तैवानवरच्या उत्तरावरून इथल्या चिनी वाणिज्यदूताने 'ती घाणेरडी मान छाटायला हवी' अशा अर्थाचं ऑनलाइन लिहिलं आणि मग काढून टाकलं. १४ तारखेला चीनने आपल्या लोकांना जपानला जाऊ नका सांगितलं, आता जपानी मासळी घेणंही परत बंद. होक्काइदोची होताते, ती मोठी शिंपली, दोन वर्षांनी नुकतीच जायला लागली होती. मागच्या वर्षी चीनमधून जवळपास ७० लाख लोक आले होते. शिनसाइबाशीच्या बाजारात काल संध्याकाळी गेले, औषधांच्या दुकानात जिथे सुटकेस घेऊन रांगा असायच्या तिथे विकणारी मुलगी बॉक्स सरळ करत उभी. माझे दोन चिनी क्लायंट, दोघांनी डिसेंबरची भेट रद्द केली, दोघांनीही वैयक्तिक माफी मागितली.

आणि तो १८ तारखेचा बीजिंगमधला व्हिडिओ बघितलात का. जपानी परराष्ट्र खात्याचे कानाई दुभाष्याकडे झुकून ऐकतायत आणि समोर चिनी अधिकारी खिशात हात घालून उभा. माझा व्यवसायच अनुवादाचा, त्यामुळे माझं लक्ष कानाईंच्या मानेकडे गेलं. ऐकू यावं म्हणून माणूस झुकतो, पण देशभर तो फोटो मान झुकवली म्हणून फिरला. आधी कोमेइतोचा कुणीतरी जाऊन बोलून आला असता, हे मला आता पटतंय.

जुना_वाचक
२३ नोव्हेंबर, सकाळी १०:०५

दार होतं हे मी आता मान्य करतो. तरी चीन असा वागला याचा दोष ताकाइचींवर टाकायला मी तयार नाही. धमकी देणारा तो धमकी देणाराच.

निशिकासाईकर
२४ नोव्हेंबर, रात्री १०:१५

त्यावर माझंही दुमत नाही.

आज सुट्टी होती. तळमजल्यावरच्या आजींकडे काकी, म्हणजे ती केशरी टॉमेटोसारखी फळं असतात ना, ती देऊन आलो. टेबलावर त्यांची वही उघडी होती, ती फोनची. डावीकडे मैत्रिणींची नावं आणि नंबर पेनाने लिहिलेले, त्यातल्या कितीतरी नावांवर बारीक रेघ, त्या गेल्या. उजवीकडच्या रकान्यात त्या त्या मतदारसंघातल्या जिमिन्तोच्या उमेदवाराचं नाव पेन्सिलीने, कारण दर निवडणुकीला माणूस बदलू शकतो. आजी रबर घेऊन तो रकाना खोडत बसल्या होत्या. मी विचारलं तिथे आता कुणाचं नाव येणार, तर म्हणाल्या वरून अजून काही कळवलेलं नाही, पण वही तयार असलेली बरी. मग मला चहा दिला आणि काकी कापायला घेतली.